मगर म्हणजे कुठलं इंजिन

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर सासऱ्यांचे हातपाय बऱ्यापैकी ताळ्यावर आले, पण शब्द काही आले नाहीत. म्हणजे शब्द येत, भरपूर येत, पण भलत्याच दारातून येत. चमच्याला ते खिडकी म्हणत आणि खिडकीला गुरुवार. सुनेला कधी 'वहिनी' म्हणून हाक मारत, तर कधी 'मामा'.

सून दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांच्या तोंडात कापूस भरायचा आणि त्यांच्याशीच गप्पा मारायच्या, हा तिचा धंदा. त्यामुळे अर्धवट उच्चारातून पुरा अर्थ काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा तिचा समज होता. सासऱ्यांनी तो लवकरच मोडीत काढला.

सासरे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. उभा जन्म दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारण्यात गेला. घरात कुणी बोलताना चुकीचा शब्द वापरला, तरी त्यांची डावी भुवई वर जायची. आता स्वतःच्याच तोंडून भलता शब्द पडला की तीच भुवई वर जाई आणि मग ते बराच वेळ गप्प बसत. ते गप्प बसणं सुनेला फार लागे.

एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता ते स्पष्ट म्हणाले, "मगर."

"काय हवंय, बाबा?"

"मगर. हिरवी." सासऱ्यांनी सुरी खाली ठेवली. "पहिली."

सून बुचकळ्यात पडली. मगर म्हणजे चहाचा मग असेल, म्हणून तिने कपाटातला हिरवा मग काढून दिला. त्यांनी तो बाजूला सरकवला. मग तिला वाटलं, मफलर. हिरवा नव्हता, निळा आणला. तो त्यांनी मुकाट्याने गळ्यात गुंडाळून घेतला आणि दिवसभर तसेच घामाघूम बसले, कारण सुनेचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर येई. संध्याकाळी मफलर सोडता सोडता पुन्हा म्हणाले, "मगर, मामा."

नवरा दूर एका धरणाच्या कामावर मोजणीला गेला होता. फोनवर तो म्हणाला, "बाबांना प्राणी कधीच आवडले नाहीत. आम्ही लहानपणी अर्ज लिहून कुत्रा मागितला, तर त्यांनी त्यातल्या चुका काढून अर्ज परत दिला."

"मग मगर कशाला?"

"मला काय ठाऊक? ताईला विचार."

ताई म्हणजे सुनेची नणंद. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि कुठल्याही गोष्टीवर तिच्याकडे तयार तोडगा असायचा. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मगर म्हणतायत ना? मग मगर दाखवू या. तू उगाच फार डोकं चालवतेस."

रविवारी दोघींनी सासऱ्यांना मधे घालून प्राणिसंग्रहालय गाठलं. मगरीचं डबकं अगदी मागच्या बाजूला होतं. पाणी शेवाळलेलं, काठावर एकच मगर, जबडा उघडा टाकून पडलेली. सासरे कठड्याला काठी टेकवून उभे राहिले. त्यांनी मगरीकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग सुनेकडे. पुन्हा मगरीकडे. आणि एकाएकी ते हसायला लागले. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. झटका आल्यापासून ते असे हसले नव्हते. ताई विजयी मुद्रेने म्हणाली, "बघ, सांगितलं नव्हतं?"

सून मात्र मगरीचा जबडा बघत होती. खालचे दात चांगले होते. सासऱ्यांना जे हवं होतं ते हे नव्हे, एवढं तिला त्या हसण्यावरून कळलं. बाकी काहीच कळलं नाही.

परतताना रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबवावी लागली. विजेवर चालणारं एक इंजिन मालगाडी ओढत सावकाश समोरून गेलं. मागच्या सीटवर सासऱ्यांनी काठीचं टोक काचेवर ठक्कन आपटलं.

"मगर," ते म्हणाले.

सुनेने वळून पाहिलं. फाटक उघडलं, मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली, तरी तिला गिअर टाकायचं सुचेना.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत सासऱ्यांची रेल्वे होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत फळ्या, त्यावर रूळ, स्टेशन, गवताच्या जागी रंगवलेला भुसा आणि कोपऱ्यात प्लास्टरचा डोंगर. इंजिनं सगळी जुन्या वाफेची, काळी. झटका येण्याआधी वर्षभर सासरे त्या डोंगरालाच लागले होते. एवढा उंच डोंगर कशाला, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. छंदिष्ट माणसाला 'का' विचारलं की तासभर ऐकत बसावं लागतं, हा सगळ्यांचा अनुभव. आजारपणानंतर जिना चढणं सुटलं आणि खोलीला कुलूप लागलं.

त्या दिवशी सुनेने कुलूप काढलं. डोंगराच्या पायथ्याशी स्टेशनची एक चिमुकली पाटी अजून चिकटवायची राहिली होती. नाव परकं होतं. तिने फोनवर शोधलं, तर ते स्वित्झर्लंडमधलं निघालं.

म्हणजे विजेचं इंजिन. स्विस. हिरवं. आणि पहिलं. सुनेला वाटलं, सुटलं कोडं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना लवकर आवरून ती रेल्वेच्या खेळण्यांच्या दुकानात गेली. 'खेळणी' हा शब्द तिथे चालत नाही, हे तिला आत शिरताच कळलं, कारण मालकाने तिचा शब्द दोनदा दुरुस्त केला. मालकाला सगळे सिग्नल म्हणायचे. बोलताना त्याचा उजवा हात आपोआप वर जाई आणि वाक्य संपलं की खाली येई. सासरे त्याचं जुनं गिऱ्हाईक.

"सासऱ्यांसाठी इंजिन हवंय," ती म्हणाली. "स्विस, विजेचं. आमच्याकडे ते पहिलंच. त्यांच्या शब्दांचा घोळ होतो, त्यामुळे ते त्याला मगर म्हणतात—"

सिग्नलचा हात वर गेला. "हिरवी की तपकिरी?"

सून मटकन स्टुलावर बसली.

"मगर मिळते?"

"मिळते म्हणजे? मगर म्हणजे मगरच." त्याने काचेच्या कपाटातून एक इंजिन काढलं. पुढे लांब नाक, मागे लांब नाक, मधे ड्रायव्हरची खोली. "डोंगरातल्या मालगाड्या ओढायचं. नाकामुळे साऱ्या जगात हे नाव पडलं. तुमच्या सासऱ्यांनी अगदी बरोबर शब्द वापरला."

सुनेला एकदम रडू आल्यासारखं झालं. इतके दिवस तो माणूस बरोबर बोलत होता आणि आपण त्याला मग देत होतो, मफलर देत होतो, शेवाळलेलं डबकं दाखवत होतो.

पण सिग्नल तिला असं सहजी सोडणार नव्हता. "रूळ दोन की तीन?"

"दोनच असतात ना?"

"तसं नसतं. तिसरा म्हणजे मधली धातूच्या ठिपक्यांची ओळ, ती आहे का? असली तर वीज वेगळी लागते. वळण किती गोल आहे? काळ कुठला धरलाय?"

"काळ?"

"म्हणजे स्टेशनवर उभी केलेली माणसं कुठल्या कपड्यांत आहेत?"

सून भेदरली. "आणि वरच्या तारा तर आमच्याकडे नाहीतच. मग विजेचं इंजिन चालणार कसं?"

"वीज रुळांतूनच येते, बाई. वरचं ते शोभेचं."

तिचं डोकं चक्रावलं. विजेचं इंजिन, तारांशिवाय चालणारं. मगर, जी मगर नव्हे. घरी जाऊन तिने गुडघ्यांवर बसून रूळ तपासले, मधे ठिपके नाहीत याची बोट फिरवून खात्री केली, स्टेशनवरच्या माणसांच्या टोप्या पाहिल्या. परत दुकानात येऊन तिने हिरवी मगर घेतली.

जेवणाच्या टेबलावर रुळाचा एक तुकडा मांडून तिने इंजिन त्यावर ठेवलं आणि सासऱ्यांना बोलावलं. ताईही आली होती; असा प्रसंग चुकवणाऱ्यातली ती नव्हती.

सासऱ्यांनी इंजिन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे काय, बाबा?" ताई म्हणाली. "मगर मागितलीत, मगर आणली."

"नाही," ते पुन्हा म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून आपल्या खोलीत गेले.

आता पंचाईत अशी, की त्यांचं 'नाही' हे नाहीच असेल असंही नव्हतं. बोलायला शिकवायला येणाऱ्या बाईंनी आधीच बजावलं होतं, की अशा आजारात हो आणि नाहीची अदलाबदल होते. ताई म्हणाली, ते हो म्हणाले. सून म्हणाली, हो म्हणणारा माणूस उठून जात नाही. ताई म्हणाली, भरून आलं असेल. नवरा फोनवर म्हणाला, "राहू दे टेबलावर, बघू." इंजिन टेबलावर राहिलं. सासरे त्याच्या शेजारी जेवले, त्याला हात न लावता, आणि उठताना म्हणाले, "मगर हवी."

सुनेने हात टेकले. त्या रात्री भांडी विसळताना तिला एक गोष्ट उमगली, आणि उमगल्यावर स्वतःचाच राग आला. तिच्या दवाखान्यात माणसं खुर्चीत आडवी होत, आणि कुठला दात दुखतोय हे ती कधीही तोंडी विचारून थांबत नसे. आरसा हातात देऊन 'बोट लावून दाखवा' म्हणत असे. सासऱ्यांना मात्र तिने मग दिला, मगर दिली, पण एकदाही निवडायला दिलं नव्हतं.

सकाळी तिने त्यांना कोट चढवला. "चला, बाबा. आज तुम्ही बोलायचं नाही. मी पण नाही."

सिग्नलने सासऱ्यांना पाहिलं आणि त्याचा हात वर गेला तो तसाच राहिला. मग तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला आणि त्याने त्यांचा कोट काढून टांगला. सुनेने मगर परत त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "तुमच्याकडे जेवढी स्विस आहेत, तेवढी सगळी काढा."

काउंटर भरून गेला. लाल, हिरवी, तपकिरी. चपट्या तोंडाची, गोल तोंडाची. नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे: चार-चार, सहा-सहा, सहा-आठ. सुनेने विचारलं, तर सिग्नल म्हणाला, "एकूण चाकांच्या जोड्यांपैकी किती जोड्यांना मोटर आहे ते." तिला ते कळलं आणि लगेच निसटलंही.

सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं. डाव्या हाताने एकेक इंजिन उचलून ते आधी बाजूवरची बारीक अक्षरं वाचत, ओळीखाली नख फिरवत, मुद्रितं तपासताना फिरवत तसं. मग उलटं करून चाकं बघत. लाल एक पाहून ठेवलं. मगर पुन्हा हाती घेतली, ठेवली. आता जर ते काहीच न निवडता उठले, तर पुढे काय करायचं हे सुनेला ठाऊक नव्हतं.

शेवटी त्यांचा हात एका हिरव्या इंजिनावर थांबला. दोन्ही तोंडं गोलसर, नाकावर चकचकीत पट्ट्या, जणू रुपेरी मिशा. सहा-सहा. ते त्यांनी काउंटरवर हलकेच पुढेमागे ढकललं, कान जवळ नेऊन चाकांचा आवाज ऐकला आणि छातीशी धरलं.

"मगर," ते सुनेला म्हणाले.

सिग्नलने आतून चहा आणला. सासऱ्यांनी कपाकडेही बोट दाखवलं. "मगर."

सून कपाकडे बघत राहिली. म्हणजे जे हवंसं वाटतं, ते सगळंच मगर? मग दुकानात मगर नावाचं इंजिन निघालं, तो निव्वळ योगायोग? की त्यांना आधी खरंच मगर हवी होती आणि ही मिशीवाली पाहून मन बदललं? तिने सिग्नलकडे पाहिलं. त्याचा हात खालीच होता. त्यालाही काही कळलेलं नव्हतं.

"चहा घ्या, बाबा," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने टेबलावर रूळ मांडायला घेतला, तर सासरे थांबलेच नाहीत. इंजिनाचा खोका काखेत धरून ते थेट जिन्याशी गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. तिने खोका मागितला, तो त्यांनी दिला नाही, काठी दिली. मग ते चढायला लागले. एक पाय, थांबा, दुसरा पाय. ती मागून दोन्ही हात पसरून चढत होती, त्यांना न शिवता. मधल्या वळणावर ते धापा टाकत म्हणाले, "गुरुवार उघड." वर पोचल्यावर तिने आधी खोलीची खिडकी उघडली.

इंजिन रुळांवर बसवायला त्यांना वेळ लागला. तिने मदत केली नाही. त्यांनी बटण फिरवलं, इंजिन जरासं थरथरलं आणि चालू लागलं: स्टेशन सोडून, भुशाच्या कुरणाच्या कडेने, चढावर. चढावर ते हळू झालं, पण थांबलं नाही. डोंगराच्या बोगद्यात शिरलं. सासरे मान तिरकी करून बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिले आणि ते बाहेर आलं तेव्हा त्यांची डावी भुवई वर गेली.

"हेच ना, बाबा?" तिला राहवेना. "हेच हवं होतं ना?"

"नाही," सासरे म्हणाले आणि वेग वाढवला.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. वरून घरघर ऐकू येत होती.

"घेतलं का इंजिन?"

"घेतलं."

"मग, आवडलं त्यांना?"

"ते मला सांगता येणार नाही," सून म्हणाली. "पण तीनदा हाका मारल्या, खाली जेवायला यायला तयार नाहीत. मीच ताटं घेऊन वर चालले आहे."