मुका मार

थोरल्याचा जन्म सुरा चालवण्यात गेला होता. मटणाचं दुकान बापाने त्याच्या हाती दिलं, तेव्हा एक धडाही दिला: मांसावर काळा डाग दिसला की समजायचं, जनावराला कापण्याआधी बडवलंय. असला माल थोरला दारातूनच परत पाठवी, वर चार शिव्या फुकट.

त्या सकाळी तो बापाला भेटायला धाकट्याच्या घरी गेला. म्हातारा खाटेवर नुसत्या बनियनमध्ये बसला होता. दोन्ही दंड काळेनिळे, एकावर तर चार बोटं स्वच्छ उमटलेली.

"कोणी मारलं?"

"कुणी नाही रे. आपोआप येतात."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाग म्हणे आपोआप येतात, आणि हे सांगायचं कुणाला, तर खाटकाला.

बापाच्या अंघोळीचं पाणी काढून धाकटा टॉवेल घेऊन आला. पहिल्या ठोशात त्याचा ओठ फुटला, दुसऱ्यात डोळा मिटला. मग मानगूट धरून थोरल्याने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. "बापावर हात टाकतोस?" धाकटा लहानपणापासूनचा मुखदुर्बळ. "दादा, ऐक तरी," एवढंच पुटपुटत तो मार खात राहिला.

म्हातारा धडपडत मध्ये पडला. थोरल्याचं कोपर त्याच्या नाकाला नुसतं चाटून गेलं आणि धार लागली. टॉवेल भिजला, चादर भिजली, रक्त काही थांबेना. रोज रक्तात हात घालणारा थोरला रिक्षा आणायला धावला.

हॉस्पिटलात म्हाताऱ्याच्या कमरेच्या हाडातून नमुना काढला. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं.

"रक्त हाडांच्या आत, मज्जेत तयार होतं. उतारवयात कधीकधी ती मज्जाच बिघडते. पेशी अर्धकच्च्या निघतात, कामाला येत नाहीत. म्हणून थकवा, म्हणून रक्त थांबत नाही. उठवताना दंड धरला तरी बोटं उमटतात. यांना उठवतं कोण?"

"मी," धाकटा म्हणाला.

थोरल्याला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. "बरे होतील ना?" त्याने कसंबसं विचारलं.

"औषधं देऊ, वरचेवर रक्त चढवू. पण फार जपावं लागेल." बाईंची नजर धाकट्याच्या सुजलेल्या, जांभळ्या डोळ्यावर गेली. "तुम्हालाही असं आपोआप होतं का?"

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने नाकातला कापूस सावरला.

"नाही," तो म्हणाला. "याला बडवलंय."