गॅरेजमागचं तळं

खट्.

दुपारची आळसावलेली शांतता त्या एवढ्याशा आवाजाने दचकली. कॅराव्हॅनमधलं भांड्यांचं कपाट आपसूक उघडलं होतं, आणि आतला स्टीलचा पेला कडेपर्यंत घरंगळत येऊन, उडी मारू की नको अशा विचारात थांबला होता. तिने तो हलकेच मागे सारला, दार लावलं आणि लेकीकडे पाहिलं. भुंगी जागी झाली नव्हती. सारखं काहीतरी विचारत, गुणगुणत फिरते म्हणून भुंगी. पाच वर्षांची पोर तोंड अर्धवट उघडं टाकून झोपली होती, कपाळावर घामाने चिकटलेली बट, मुठीत एक नटबोल्ट. बाकीच्यांची मुलं सहलीला जाऊन शंखशिंपले गोळा करतात.

घर कलतं होतं म्हणून दार उघडत होतं, आणि घर कलतं होतं कारण त्याचं एक चाक मेकॅनिकने काढून नेलं होतं. खिडकीचा पडदा सारला तर समोर जुन्या टायरांची चळत, तिच्या पलीकडे पत्र्याची भिंत, भिंतीपलीकडे कुणाचं तरी एकुलतं एक झाड. गॅरेजच्या या मागच्या अंगणात हे कुटुंब, नातेवाइकांच्या माहितीप्रमाणे, एका निळ्याशार तळ्याकाठी सुटी घालवत होतं.

कॅराव्हॅन म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. त्यात दोन पलंग, बोटभर ओटा, हातभर मोरी, आणि एक संडास होता. तो वापरायचा नाही, अशी सक्त ताकीद होती, कारण वापरला तर त्याची टाकी कुणीतरी रिकामी करावी लागली असती. हे ‘कुणीतरी’ कोण, हा प्रश्न नवऱ्याने अधिकाराने मिटवून टाकला होता. ही वस्तू दारात आली त्या दिवसापासून ती त्याला मनातल्या मनात कप्तान म्हणत असे. त्याने खरोखरच तशी टोपी विकत घेतली होती.

आता आपण मुक्त, असं कप्तान म्हणाला होता. मुक्ती वर्षभर घराच्या अंगणात उभी राहिली. दर रविवारी तो तिला न्हाऊमाखू घालायचा. छपराच्या सांध्यांना डिंकासारखं काहीतरी भरायचा, काचा पुसायचा, आणि टायरना कसलंसं चकचकीत तेल चोपडायचा. बायकोच्या वाट्याला मग दोन घरांचे पडदे, दोन घरांचे ओटे आणि दोन घरांच्या मुंग्या आल्या. जरा फिरवून तरी आणू या, असं ती एकदोनदा म्हणाली, तर टायर झिजतात, असं उत्तर मिळालं. न झिजलेले टायर उभ्या उभ्या वाळले, चाकातलं ग्रीस दगड झालं, पण चकाकी अशी की तोंड पाहून घ्यावं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे तर मोती पुसता पुसता नाकच झिजलं होतं.

वरच्या मजल्यावर थोरले दीर आणि मोठी जाऊ राहत. दीर रोज कामावर जाताना त्या वस्तूला वळसा घालत आणि रोज तेच विचारत, “काय रे, डब्याला अजून पाय फुटले नाहीत?” त्याच डब्याने शेवटी सुटीच्या पहिल्या दिवशी फाटक ओलांडलं, तेव्हा कप्तानाने गल्लीच्या टोकापर्यंत हॉर्न वाजवला. शहराची वेस यायच्या आधी डाव्या चाकातून धूर निघाला.

मेकॅनिक माणूस गोड होता आणि तितकाच बेभरवशाचा. भाग मागवलाय, आज-उद्याकडे येईल, असं तो रोज सकाळी चहा पिता पिता सांगे, आणि रोज संध्याकाळी त्याचं घोडं नव्या ठिकाणी पेंड खाई. परत घरी जाऊ, आठवडाभराने येऊन हे घेऊन जाऊ, असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. कप्तान तिच्याकडे असं बघत राहिला की जणू तिने त्याला भर चौकात टोपी काढायला सांगितलं होतं. दादासमोर? त्यापेक्षा तो इथे वर्ष काढील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून मूठ झाकली गेली. दुसऱ्या दिवशी त्याने मांडव उभारला, म्हणजे कॅराव्हॅनच्या दारावरचं ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड, त्याखाली घडीच्या खुर्च्या ठेवल्या आणि फोटो काढायला तिच्या हातात फोन दिला. ती एक पाऊल डावीकडे सरकली, मग गुडघ्यावर बसली. टायर गेले, पत्रा गेला. वर झाड आणि आभाळ तेवढं उरलं. फोटो इतका सुंदर आला की तिचं तिलाच नवल वाटलं, आणि मागोमाग लाजही वाटली. कप्तानाने तो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. दिरांनी लगेच विचारलं, ठिकाण कुठलं? त्यावर त्याने टाइप केलं की इथे नेटवर्क नाही.

गंमत म्हणजे हाच माणूस विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायला बसतो. अपघात खरा की बनवलेला, हे फोटोतल्या सावलीवरून ओळखतो, असं तो जेवताना अभिमानाने सांगे.

एवढंही तिने पोटात घातलं असतं. संसार म्हटला की थोडी रंगसफेदी चालायचीच. सासरी आल्यापासून तिने किती पाहुण्यांना ‘हे बाहेर गेलेत’ म्हणून आतल्या खोलीतल्या नवऱ्याच्या शिंका ऐकत चहा पाजला होता. पण भुंगी झाली तेव्हा, त्या ओल्या, मुठीएवढ्या डोक्याला नाक लावून, तिने मनाशी एकच ठरवलं होतं. हिच्या तोंडी आपल्या घरातलं खोटं द्यायचं नाही. आजवर ते पाळलंही होतं. एकदा भुंगीने बरणी फोडली आणि मीच फोडली म्हणून सांगितलं, तेव्हा तिने पोरीला आधी कुशीत घेतलं होतं, काचा नंतर वेचल्या होत्या.

पेला घरंगळला त्या दिवशी संध्याकाळी अंगण झाडून ती पायरीशी आली, तर आत शाळा भरलेली. कप्तान पलंगावर, भुंगी समोर हाताची घडी घालून उभी.

“तळं कसं होतं?”

“निळं.”

“किती मोठं?”

“आपल्या शाळेपेक्षा मोठं. आणि त्यात बदक होतं. त्याचा एक पाय दुखत होता.”

बदक भुंगीने पदरचं घातलं होतं. कप्तानाला हसू आवरेना. पोरगी बापावर गेली, म्हणाला.

तिने हातातला झाडू बाहेरच टेकवला. भुंगीला गॅरेजच्या कुत्र्याकडे पिटाळलं आणि दार ओढून घेतलं.

“तिला यात घेऊ नकोस,” ती म्हणाली. “तुला जे सांगायचं ते तू सांग. ती नाही सांगणार.”

“अगं, लहान आहे, दोन दिवसांत विसरेल.”

“तेच म्हणते. खोटं बोललो हे विसरेल, बोलता येतं हे नाही विसरणार.”

मग त्याने तिच्या दुखऱ्या जागी बरोबर बोट ठेवलं. “मग घरी गेल्यावर तूच सांग ना दादाला खरं. फोटो कुणी काढला, तेही सांग.”

तिने दार उघडून झाडू आत घेतला. पण रात्री पोरीचा पाय आपल्या पोटावर घेऊन पडल्यावर तिने ठरवून टाकलं. सांगायचं. फाटकातच, चपला काढायच्या आधी. चाक बिघडलं, आम्ही गॅरेजमागे राहिलो, संपलं. दीर हसतील, हसू देत, हसण्याने कुणाच्या भिंती पडत नाहीत.

सुटीच्या शेवटच्या दिवशी चाक बसलं. परतीच्या वाटेवर ती ते वाक्य ओठांत घोळवत बसली. कप्तान मुक्कामाला निघालेल्या वऱ्हाडासारखा उत्साहात होता. मागच्या सीटवर भुंगी नुसतीच बाहेर बघत होती, आणि ती गुणगुणत नव्हती, हे आईच्या लक्षात आलं.

दीर घरी नव्हते. फाटक उघडायला मोठी जाऊ आली, ओले हात पुसत. हिने घसा साफ केला. पण जावेने तिचे दोन्ही हात धरले आणि टोमण्याची वाट बघणाऱ्या हिला भलतंच ऐकू आलं.

“नशीब काढलंस गं. तो फोटो मी रोज उघडून बघत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, यांनी मला पाण्याच्या डबक्याकाठीसुद्धा नेलं नाही. सांग ना, कसं होतं तळं?”

जावेच्या डोळ्यांत उपहासाचा मागमूस नव्हता. गाडीचा हूक सोडवत असलेल्या कप्तानाचे हात थांबले. घोळवून गुळगुळीत झालेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच बसलं.

तेवढ्यात तिचं बोट कुणीतरी ओढलं. ती वाकली. भुंगीने टाचा उंचावल्या, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी मन लावून, शाळेत बाईंना विचारावं तसं विचारलं,

“आई, आता खरं सांगायचं, की बाबाचं?”