मागचे पाय अधांतरी

येशुदास शिरूरचा. मिशनच्या वर्कशॉपात पत्राकाम शिकलेला. १९७८ च्या उन्हाळ्यात दौंडच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई त्याचं दुकान शोधत आल्या. त्यांना असा पिंजरा हवा होता, ज्यात उंदराचे मागचे पाय खाली टेकणारच नाहीत.

"टांगून ठिवायचं?"

"शेपटीनं. पुढच्या पायांवर हिंडेल, खाईल. अंतराळात पायांवर भार नसतो. तेव्हा हाडांचं काय होतं, ते इथं बघायचंय."

"काय व्हतं?"

"झिजत असावीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचीही झिजतात."

 विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून येशुदासची बायको कृपाबाई दोन वर्षं खाटेवर होती.

त्यानं पिंजऱ्यावर आडवी सळई बसवली. तिच्यावर सरकणारी कडी, आणि खाली शेळीच्या दाव्याला असते तशी बारीक भोवरकडी. उंदीर कसाही वळला तरी दोरी पिळायची नाही. तळाला जाळी, पुढच्या नख्या रुतायला. सहा पिंजरे एसटीच्या टपावर टाकून तो दौंडला गेला.

तिसऱ्या दिवशी दोन उंदीर मेले. पाण्याची नळी त्यानं उभ्या उंदराच्या उंचीला लावली होती. डोकं खाली झालेल्या उंदराची मान तिथवर पोचत नव्हती.

"समोर पाणी हुतं, बाई, आन् तहानेनं मेले. माझं चुकलं." त्यानं सगळ्या नळ्या खाली घेतल्या.

महिन्यानं उरलेल्या चारांतले दोन मारून हाडं काढली. डॉक्टरबाईंनी एक मांडीचं हाड येशुदासच्या हातात दिलं. चिमटीत धरताच मोडलं. राहिलेले दोन खाली सोडले. ते पंधरा दिवसांत चारी पायांवर हिंडायला लागले.

येशुदासनं ते हिंडणारे दोघंच मनात धरले. घरी येऊन त्यानं तुळईला कप्पी टांगली, जाड कापडाचे पट्टे शिवले.

"मला उंदीर करताय व्हय?" कृपाबाई हसली.

"उभी करतो तुला."

दुपारी शेजारच्या प्रेमाबाईनं तिचे पाय धरले. येशुदासनं पट्टे तिच्या काखेखालून घालून हळूहळू दोरी ओढली. पाय जमिनीला टेकले. दोन वर्षांनी कृपाबाईला खिडकीतून रस्ता दिसला.

"कडुलिंब केवढा झालाय," ती म्हणाली.

येशुदासनं दोरी जराशी सैल सोडली. तिच्या मांडीत कट्कन आवाज झाला.

प्लास्टर झालं. मग ताप आला, छाती भरली. सतराव्या दिवशी ती गेली.

पुढच्या महिन्यात डॉक्टरबाई आणखी बारा पिंजरे सांगायला आल्या. दारातच त्यांना प्रेमाबाईकडून सगळं कळलं.

"येशुदास, मला एकदा विचारायचं होतंत."

"इचारायचं काय? हाड तुम्हीच माझ्या हातात दिलं हुतं. म्या त्या दोघांकडंच बघत बसलो. ते तरी बरे हायेत न्हवं?"

 बाई म्हणाल्या, "त्यांनाही मारून बघितलं. हाडं भरलीच नव्हती. तशीच पोकळ. नुसते चालत होते."

येशुदासनं पिंजऱ्यांचं काम करणार नाही म्हणून सांगितलं. बाईंनी आग्रह केला नाही.

पुढं निमोण्याहून, कवठ्याहून धान्याच्या कोठ्या सांगायला लोक येत, तेवढंच काम तो करी. रविवारी चर्चमध्ये गाण्याला सगळे उभे राहत, तो बसून राही. पाळकांनी विचारलं, तर म्हणे, पाय दुखतात.