इंजिनातलं पाणी

इंजिनाच्या काढलेल्या प्लगच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट अण्णांच्या पांढऱ्या बंडीवर. मी किंचाळलेच. सिद्धेश मात्र स्टार्टच्या बटणावर अंगठा ठेवून नुसता बघत राहिला.

दोन हजार चारच्या थंडीत, आमच्या अमेरिकेतल्या, अ‍ॅशबर्नच्या गॅरेजात, त्याच्या वॉटर स्कूटरमध्ये राहिलेलं पाणी गोठलं आणि इंजिन तडकलं. माझा नवरा कम्प्यूटरवाला, तरी हट्टानं वेल्डिंग शिकून त्यानं ती चीर स्वतः बुजवली. गेल्या आठवड्यात तळ्यावर ती झकास पळालीही. नागपूरहून आलेले माझे सासरे, अण्णा, पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनिअर. खुर्चीत बसून ते उंटावरून शेळ्या हाकायचे, पण शाबासकीचा एक शब्द म्हणून नाही. त्या एका शब्दासाठी सिद्धेश झुरत होता, आणि मला संताप यायचा.

"वेल्डिंगचा सांधा फुटला," अण्णा म्हणाले. "दुसरं काय!"

सिद्धेशचा चेहरा पडला. "तसं असेल तर विकून टाकतो यार. मला नाही जमत."

"आधी टेस्ट तर कर!" मी ओरडले.

त्यानं इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा बंद केल्या, हातपंपानं हवा भरली आणि मीटर लावला. चीर असती तर हवा निसटून काटा खाली आला असता. आम्ही टक लावून बसलो. काटा तसूभरही हलला नाही.

"सांधा पक्काय," सिद्धेश चक्रावला. "मग पाणी आलं कुठून? इंजिनाला नळाची नळी कोणी लावली होती?"

"मी," अण्णा सहज म्हणाले. "तू ऑफिसला गेलास की रोज सुरू करतो. आधी नळ सोडायचा, मग बटण. पंप कधी कोरडा चालवू नये. काल मात्र कितीदा बटण दाबलं, सुरूच होईना."

सिद्धेशनं कपाळावर हात मारून घेतला.

"अण्णा, इथे उलटं असतं," सिद्धेश कसाबसा म्हणाला. "आधी इंजिन, मग नळ. इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते धूर जायच्या वाटेनं, एक्झॉस्टमधून, उलटं आत शिरतं."

उभा जन्म पंपांत घातलेला माणूस! अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. मला त्यांची दया आली आणि रागही.

"पण रोज सुरू कशाला करत होतात?" मी विचारलं.

अण्णा मान खाली घालून म्हणाले, "फोनच्या कार्डावरून नागपूरला फोन लावून तुझ्या सासूला आवाज ऐकवायचो. म्हणायचो, ऐक, आपल्या सिद्धूनं मेलेलं इंजिन उठवलंय."

सिद्धेश फडकं घेऊन अण्णांची ओली बंडी पुसायला लागला.