तासभर अंधार

सूर्यमाळच्या पाड्यावर मे महिन्यात विहिरीत पाणी नसतं, नुसता पाझर असतो. बायका हंड्यांचे नंबर लावतात. जिचा नंबर ती पायऱ्या उतरून तळाशी बसते आणि वाटीवाटीने हंडा भरते, दुसरी काठावरून बॅटरी दाखवते. नंबर हुकला की सकाळपर्यंत घरात थेंब नाही.

त्या रात्री धाकट्या जावेला, रुपीला, बॅटरी धरायला भारती नव्हती. जव्हारच्या परागने माळावर आकाशदर्शन ठेवलं होतं, मुंबईची वीस माणसं आली होती आणि त्यांच्या भाकऱ्या भारतीकडे होत्या. दुर्बीण लावून झाल्यावर पराग चुलीपाशी आला.

"भारतीताई, विहिरीवरचा उजेड डोळ्यांवर येतो. तासभर बंद ठेवायला सांगाल?"

सांगायला काय जातं! भारती खाली गेली. रुपी एकटीच, पदर खोचून उभी होती.

"तासभर उजेड नको करू," भारती म्हणाली.

"माझा नंबर हाय. थांबले त पाणी दुसरी नेल."

"मंग तशीच उतर. रोजच्याच पायऱ्या हायेत."

रुपीने बॅटरी विझवली. मोठ्या जावेचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

वर परागने भारतीलाही दुर्बीण दाखवली. वृश्चिकातली ज्येष्ठा लालभडक दिसत होती. जन्मभर डोक्यावर असलेलं आभाळ तिला आजवर कुणी दाखवलंच नव्हतं. ती हरखून गेली, तव्यावरची भाकरी करपली तरी हलली नाही. खाली हंडा आदळला तेव्हा तिला वाटलं, पुढच्या नंबराच्या बायका येऊन भांडत असतील.

वीस मोबाईलच्या उजेडात रुपीला वर काढलं. मान मोडली होती. "मला काय माहीत," पराग पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. विहिरीवर दोघी लागतात हे भारतीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून रुपीचं प्रेत घरी आणेपर्यंत अंधार पडला. तिला आंघोळ घालायला घरात पाणी नव्हतं. विहिरीवर बायकांनी नंबर सोडून आपापले हंडे मागे ओढले. सासूने भारतीच्या हातात वाटी दिली.

भारती विहिरीत उतरू लागली. काठावर साऱ्या पाड्याने बॅटऱ्या धरल्या होत्या. तिला एकेक पायरी स्वच्छ दिसत होती.