गाडी नावाचा ग्रंथ

मी एक जुनी गाडी आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं वाहणारी. मित्रांनो, गाडी म्हटल्यावर हॉर्न शोधू नका. मला दोन फळ्या आहेत, चार चाकं आहेत, आणि त्यातलं एक चाक कुरकुरतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

सुताराने मला घडवलं तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! परत आलेली पुस्तकं पोटाशी धरून मी कपाटांमधून हिंडायचे. परीक्षा जवळ आली की मुलं कुरकुर ऐकून धावत यायची. "गाडी आली रे" म्हणत हवं ते पुस्तक कपाटात जायच्या आधीच उचलायची. तेव्हा माझा आवाज कुणाला खुपत नव्हता.

मग ग्रंथालयात नवी संगणक प्रणाली आली. प्रत्येक पुस्तकाला नवं लेबल लावायचं आणि ते यंत्राने टिपायचं, की पुस्तक प्रणालीत दाखल. सोबत नव्या गुळगुळीत गाड्याही येणार होत्या. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "काम संपलं की ही भंगारात द्या." मला इथून जायचं नव्हतं हो.

तरी मी कामात कसूर केली नाही. लेबलं लावणारे आमचे शिपाई तात्या गप्पिष्ट, पण हात भारी चपळ. माझ्यावरचं पुस्तक उचल, लेबल लाव, टिप, ठेव. हाताला अशी लय लागली, की पुस्तकं संपली तरी हात थांबेना. पुढचं लेबल त्यांनी थेट माझ्या दांड्यावर चिकटवलं आणि टिपलं. जुनी नोंद नसलेल्या पुस्तकाचं नाव संगणक विचारायचा, तसं त्याने माझंही विचारलं. तात्या तेव्हा जावयाचं कौतुक सांगण्यात दंग होते. समोर दिसलं ते लिहून मोकळे झाले: गाडी.

भंगारवाला आला. त्याने मला दाराबाहेर ढकललं आणि दारातली घंटा कोकलू लागली. नोंद न करता पुस्तक बाहेर नेलं की ती अशीच कोकलते. मॅडम लगबगीने आल्या, माझं लेबल टिपून पडद्याकडे बघत राहिल्या.

"तात्या, हा 'गाडी' नावाचा ग्रंथ कुणी लिहिला?"

तात्यांनी माझा दांडा पाहिला आणि जीभ चावली. "मॅडम, हात चालू होता अन् तोंडही."

"आता हा रद्द करायचा तर ग्रंथ समितीची सही लागेल. त्यांना काय सांगू? ग्रंथाचं चाक कुरकुरतं म्हणून?" बोलता बोलता मॅडमनाच हसू फुटलं. मग तात्या हसले, भंगारवालाही हसला. डोळे पुसत मॅडम म्हणाल्या, "राहू दे तिला. चाकाला जरा तेल घाला."

इतकी वर्षं तेवढंच कुणाला सुचलं नव्हतं! मित्रांनो, त्या दिवशी मी इतकी खूश होते, की रिकामीच चार चकरा मारून आले. आता मी गुपचूप येते, मुलांना कळतच नाही. म्हणून मला ढकलताना तात्याच तोंडाने कुरकुर करतात.

तुमच्या घरातही एखादी कुरकुरणारी वस्तू असेल. तिला काढून टाकण्याआधी तेल घालून बघा. आणि माझी आठवण आली तर आमच्या प्रणालीत शोधा. नाव: गाडी. लेखक: कोणी नाही. त्याखाली मॅडमनी स्वतः एक ओळ लिहिली आहे: ग्रंथालयाबाहेर न्यायची नाही.