चार फूट आई

थोरल्यांना आईचा फोटो चार फूट रुंद हवा होता, आणि तोही उद्या सकाळपर्यंत. पंच्याहत्तरीच्या समारंभात तो हॉलच्या दाराशीच लावायचा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः धाकट्याला, कळेल की आईचं करतं कोण.

प्रिंटिंगवालीने त्यांचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि कपाळाला हात लावला. फोटो कुठल्याशा सहलीचा होता. मधोमध थोरल्यांची नवी गाडी ऐसपैस पसरलेली, आणि लांब कडेला सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत आई.

"काका, आजींच्या चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीत फक्त एकशेवीस ठिपके आलेत," ती म्हणाली. "स्वच्छ हवा तर तो नखाएवढा छापता येईल. चार फूट ताणला, तर एकेक ठिपकाच नखाएवढा होईल."

'काका' थोरल्यांना आधीच झोंबलं होतं. "अहो, एकशे आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे!"

"कॅमेऱ्याला का बोल लावता? तो जिथे रोखला, तिथलंच येणार. गाडीची नंबरप्लेट बघा, किती सुरेख आलीय. दुसरा एखादा शोधा."

थोरल्यांनी अकरा हजार फोटो उपसले. गाडी होती, जेवणाच्या ताटल्या होत्या, स्वतःचं तोंड तर पाचपाच कोनांतून होतं. आई सापडली ती पाठमोरी, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी.

"आजी राहतात कुठे?"

"इथेच. दोन गल्ल्या पलीकडे."

"मग जा की! उजेड आहे तोवर काढून आणा. पाच मिनिटांचं काम."

"सरप्राइज आहे हो," थोरले घाईने म्हणाले. खरं म्हणजे गेलं की बसावं लागतं, गुडघ्यांचं पुराण ऐकावं लागतं, आणि चार महिने का फिरकला नाहीस याचं उत्तरही द्यावं लागतं. त्यापेक्षा कॉम्प्युटर परवडला. "ते चेहरा भरून काढणारं सॉफ्टवेअर असतं ना, ते लावा."

"लावते. पण ते मनचंच भरणार. आजींना चष्मा आहे?"

थोरल्यांनी बराच विचार केला. "असावा."

दुसऱ्या दिवशी दाराशी एक टवटवीत, बिनसुरकुतीची बाई शुभ्र दात दाखवत उभी होती. पाहुणे वाहवा करत होते. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मुलगा असावा तर असा, असं कुणीतरी म्हणालं आणि थोरल्यांचे डोळे खरोखरच भरून आले. जन्मात पहिल्यांदा ते हे ऐकत होते. त्यांनी लगेच मोबाइल काढून त्या चित्राचे फोटो घ्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात आई आली. चित्रासमोर थांबून तिने त्या बाईला नीट निरखलं.

"कोण रे या?"

"अगं, तूच की!" थोरले मोबाइलमधून नजर न काढता म्हणाले. "आणि आधी बाजूला हो बघू, फोटोत मध्येमध्ये येतेयस."

वाहवा जागच्या जागी थांबली. आई मात्र सवयीने बाजूला सरली.